कोलिस्टिनरोध (कोंबडीच्या मांसातील व माणसांतील)

ई. कोलाय, साल्मोनेला यांसारख्या जिवाणूंनी कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देणे. कोलिस्टिन मूत्रपिंडाला घातक, म्हणून ते बराच काळ बाजूला पडले होते; इतर औषधे हरली तेव्हा अतिदक्षता विभागात पुन्हा हाताशी आले. अशा राखीव औषधाचा वापर कोंबड्यांचे वजन वाढवण्यासाठी व्हावा, हे मुळातच चुकीचे होते.

धनभारित कोलिस्टिन जिवाणूच्या बाह्यपटलातील ऋणभारित लिपिड-ए या स्निग्ध घटकाला चिकटून पटल फोडते. एमसीआर-१ या जनुकामुळे लिपिड-ए ला फॉस्फोइथॅनॉलअमाइन हा रासायनिक गट जोडला जातो, ऋणभार घटतो आणि औषधाला पकड मिळत नाही. जनुक प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) असल्याने ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूतही जाते. चीनमध्ये डुकरे, कच्चे मांस आणि रुग्ण या तिन्हींत ते सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले.

ब्रॉयलर पिल्लू ३५ ते ४० दिवसांत सुमारे २ किलोचे होते. त्या काळात कोलिस्टिन खाद्यातून किंवा पाण्यातून सबंध शेडला दिले जाई. तोंडावाटे दिलेले हे औषध रक्तात फारसे शोषले जात नाही; आतड्यातच राहून साधे जिवाणू मारते, रोधी जिवाणूंना रान मोकळे करते आणि विष्ठेबरोबर तुसाच्या गादीत, पुढे कोंबडीखतातून शेतात जाते. औषधाचा अंश आणि रोधी जिवाणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: मांसात औषध नसल्याचा अहवाल आला, तरी त्यावर रोधी जिवाणू असू शकतात.

पिसे काढण्यापूर्वी कोंबडी गरम पाण्यात बुडवतात. पिंपातले पाणी दिवसभर तेच राहिले किंवा साफ करताना आतडे फुटले, की एकीचे जिवाणू सगळ्यांना लागतात.

भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठीचा वापर थांबवल्यावर तिथे प्राणी व माणसे दोन्हींत रोधाचे प्रमाण घटले. मात्र भारतीय रुग्णालयांतील क्लेब्सिएला या जिवाणूमध्ये रोध बहुधा प्लाझ्मिडवरून नव्हे, तर त्याच्याच गुणसूत्रावरील एमजीआरबी जनुकाच्या बिघाडातून येतो. त्याचे सारे खापर कोंबडीवर फोडता येत नाही. रोधाच्या तपासणीत नेहमीची चकती-पद्धत (वाढत्या जिवाणूंवर औषधाची चकती ठेवणे) फसवते, कारण कोलिस्टिनचा मोठा रेणू अगार या जेलीसारख्या माध्यमात नीट पसरत नाही. द्रवमाध्यमातील सूक्ष्म-विरलन पद्धतच (औषधाच्या उतरत्या प्रमाणांत जिवाणू वाढतात का ते पाहणे) वापरावी.

रोधी जिवाणू उष्णतेपुढे टिकत नाहीत. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापले की ते मरतात; धोका शिजण्याआधीचा. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये, शिंतोडे ओट्यावरच्या भांड्यांवर उडतात. फ्रिजमध्ये ते झाकून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे. चिकन कापलेली फळी व सुरी साबणाने घासल्याशिवाय तिच्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नये.