मुंबईतील दुमजली बस

मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या ताफ्यातील, एकावर एक असे दोन प्रवासी मजले असलेली बस. बोलण्यात तिला सर्रास डबलडेकर म्हणतात. ती मुंबईत १९३७ मध्ये सुरू झाली. जुन्या बांधणीची शेवटची डिझेल गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी सेवेतून निघाली. विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली गाड्या त्याच वर्षी फेब्रुवारीत रस्त्यावर आल्या होत्या.

बसच्या छपरावर माणसे बसवण्याची रीत मोटारींच्याही आधीची आहे. जॉर्ज शिलिबिअर याने १८२९ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या बसगाडीला तीन घोडे जुंपलेले असत व तीत २२ उतारू बसत. पुढे मागणी वाढली, तसे छपरावरही बाक आले. १९१० च्या ‘बी’ प्रकारच्या मोटारबसमध्ये ३४ आसने होती व त्यांपैकी १८ वरच्या उघड्या मजल्यावर होती. मुंबईकरांना दोन मजल्यांची सवय बसच्या आधी ट्रामने लावली. दुमजली ट्राम १९२० मध्ये सुरू झाली, तर शहरातील पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली, आणि ती एकमजली होती. प्रवासी वाढत गेले, पण दक्षिण मुंबईतील रस्ते काही रुंद होणार नव्हते. तेव्हा तेवढ्याच लांबीच्या गाडीत अधिक माणसे नेण्यासाठी अकरा वर्षांनी दुमजली बस आणण्यात आली.

साध्या एकमजली शहरी बसमध्ये चाळीस-पंचेचाळीस आसने असतात. दुमजली गाडीत ती सत्तरच्या वर जात. रस्त्यावरची जागा मात्र दोघींना जवळपास सारखीच लागते, आणि दुमजली बसचे खरे बळ यातच आहे. क्षमता नेमकी दुप्पट होत नाही, कारण जिना काही आसनांची जागा खातो. उभ्याने प्रवास करण्याची मुभाही फक्त खालच्या मजल्यावर असते. वर गर्दी उभी राहिली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी कलण्याचा धोका वाढतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये वरच्या मजल्यावर प्रवाशांइतके वजन ठेवून अशी गाडी २८ अंशांपर्यंत कलवून तपासत. भारतीय नियमांनुसार दुमजली वाहनाची उंची ४.७५ मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. त्यामुळे दोन्ही मजल्यांची छते ठेंगणी राहतात आणि उंच माणसाला वर मान वाकवूनच चालावे लागते.

गाडी चालवण्याची पद्धतही वेगळी होती. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र वाहक असे. खालच्या वाहकाने दोरी ओढून एक घंटा दिली की गाडी थांबे, दोन दिल्या की सुटे. वरच्या वाहकाला थांब्यावर जिन्यातून माणसे उतरून झाल्याची खात्री करून मगच खाली इशारा द्यावा लागे. काही काळ ट्रकसारखे स्वतंत्र इंजिन पुढे आणि दुमजली डबा मागे जोडलेला, अशा गाड्याही बेस्टने चालवल्या. प्रवाशांची खरी चढाओढ असे ती वरच्या मजल्यावरील अगदी पुढच्या बाकासाठी, विशेषतः मरीन ड्राइव्हवरून जाणाऱ्या १२३ क्रमांकाच्या मार्गावर. पुढची खिडकी उघडी असली की समुद्रावरचा वारा थेट तोंडावर येई.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीस अशा सुमारे ९०० गाड्या होत्या. त्यानंतर त्या झपाट्याने घटल्या आणि २००८ नंतर नव्या गाड्यांची खरेदी थांबली. यामागे गाडी चालवण्याचा वाढता खर्च हे कारण दिले गेले. दोन वाहकांचे वेतन आणि जड गाडीचे इंधन पाहता ते पटण्यासारखे आहे. मात्र हा हिशेब फेरीमागे मांडला की एक आकडा येतो आणि प्रवाशामागे मांडला की दुसरा, हे विसरता येत नाही. २०१९ मध्ये तिकीटदर कमी झाल्यावर बेस्टने उलट दिशा धरली आणि कंत्राटदारांच्या मिनी व मिडी बस मोठ्या प्रमाणात आणल्या. लहान गाडी अरुंद गल्लीत शिरते, परंतु गर्दीच्या वेळी एका डबलडेकरचे काम करायला अशा दोन-तीन गाड्या आणि तितकेच चालक लागतात.

विजेवरील नव्या गाडीत ६५ आसने आहेत, म्हणजे जुन्या गाडीपेक्षा कमीच. तिला दोन दरवाजे व दोन जिने आहेत. त्यामुळे चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यात अडकत नाहीत. वातानुकूलनामुळे पुढच्या काचा आता बंद असतात.