दुपारी दोन ते चार : पालकांच्या थकव्यामागची गोष्ट

आमच्या आजोळच्या वाड्यात दुपारी दोन ते चार पोरांना माजघरात यायला बंदी होती. ती कुणी घातली, कधी घातली, हे कुणालाच आठवत नव्हतं. जेवणं झाली, खरकटं निघालं की आजी चटईवर हाताची उशी करून आडवी व्हायची, आतून कडी लागायची आणि आम्ही सहा-सात पोरं मागच्या चौकात. कुणाचा गुडघा फुटला तर आधी शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकू. रक्त जास्तच असलं तर मावशी. आजीला उठवायचं म्हणजे घरात किमान साप तरी निघायला हवा होता. चार वाजता चहाच्या भांड्याचा आवाज आला की बंदी उठली.

याला ‘बाउंड्री’, म्हणजे स्वतःसाठी आखलेली रेघ, म्हणतात हे आजीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. माझ्या एका मैत्रिणीला ते पक्कं ठाऊक आहे. तिने त्यावरच्या रील्स पाहिल्यात, एक ऑनलाइन कार्यशाळाही केलीय. पण ती बाथरूममध्ये गेली की दोन मिनिटांत दाराखालच्या फटीतून चार बोटं आत येतात आणि पाठोपाठ आवाज येतो, “आई, तू काय करतेयस?” साडेचार वर्षांचा मुलगा आहे. टू बीएचके आहे. घरात तिसरं माणूस संध्याकाळी साडेसातला येतं.

आजीची कडी आणि ही चार बोटं यांच्यामध्ये काय काय घडलं, ते पाहण्यासारखं आहे.

आईबापांच्या थकव्याला हल्ली ‘बर्नआउट’ म्हणतात, म्हणजे आतून विझून जाणं. पण हा शब्द मुळात घरातला नाहीच. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात राबत. तिथले स्वयंसेवक काही महिन्यांत कसे विझून जातात हे त्यांनी पाहिलं, स्वतःही अनुभवलं आणि १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मॅस्लाक यांनी सहकाऱ्यांसोबत ते मोजायची प्रश्नावली तयार केली. ती १९८१ मध्ये आली. त्यांनी तीन गोष्टी धरल्या : आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. अभ्यास झाला तो नर्सेस, समाजसेवक, शिक्षक यांचा, म्हणजे माणसं सांभाळण्याचा पगार घेणाऱ्यांचा. बिनपगारी सांभाळणारीकडे लक्ष जायला बराच वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तीही फक्त नोकरी-व्यवसायापुरती. आयुष्याच्या इतर भागांना हा शब्द लावू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. सरकारी फुलीच म्हणायची.

ती फुली पडण्याआधीच बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाचाक या दोघींनी आईबापांच्या थकव्याचा वेगळा अभ्यास मांडला. २०१८ मध्ये त्यांची २३ विधानांची प्रश्नावली आली. त्यातली मला सगळ्यात खरी वाटलेली बाब थकव्याची नाही, फरकाची आहे : ‘मी आधी अशी नव्हते.’ ज्याला पोरांची मुळातच आवड नव्हती त्याचं हे दुखणं नव्हे. जिने फार मनापासून केलं तिला ते होतं. आधी दमणूक, मग कंटाळा आणि मग मुलापासून एक विचित्र अंतर. डबा भरला जातो, नखं कापली जातात, अभ्यास घेतला जातो, पण माणूस आत नसतो. पुढच्या पायऱ्या वाईट आहेत. निघून जावंसं वाटणं, दुर्लक्ष, हात उचलणं. याच अभ्यासातून त्या दिसल्या.

आपल्याकडे हे फार जुन्या गोष्टीत आहे. बादशहा हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू सोडतो. पाणी वाढत जातं. ती आधी पिल्लाला डोक्यावर घेते आणि पाणी नाकातोंडात जायला लागल्यावर त्यालाच पायाखाली घालून वर उभी राहते. शाळेत ही गोष्ट ‘शेवटी जो तो स्वतःपुरता’ या चालीवर सांगितली जाते. हौदात पाणी कोण सोडत होतं, हे आम्हाला एकाही बाईंनी विचारलं नाही.

पाणी सोडणाऱ्यांमध्ये तज्ज्ञही होते. १९२८ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आयांना सांगत होते की मुलांचे लाड करू नका, सकाळी फार तर हस्तांदोलन करा. १९४६ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक आले. त्यांनी आईला स्वतःवर विश्वास ठेवायला सांगितलं, पण ते सांगायला जाडजूड पुस्तक लागलं. १९५१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल आला आणि आई दूर गेली तर मुलाचं कायमचं नुकसान होतं ही धास्ती घरोघर पोचली. बोल्बींचं काम मोलाचं होतं. पण युद्धात अनाथ, बेघर झालेल्या मुलांविषयीचे निष्कर्ष नोकरीला जाणाऱ्या आईच्या माथी मारले गेले, ते अजून उतरलेले नाहीत.

या गर्दीत डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ मला जवळचे वाटतात. १९४९ च्या एका निबंधात त्यांनी आईला आपल्या तान्ह्या बाळाचा राग का येतो याची यादीच दिलीय. चांगली अठराएक कारणं. बाळ तिला बिनपगारी मोलकरणीसारखं वागवतं, हे त्यातलं एक. राग येतो म्हणून आई वाईट ठरत नाही, तो तिने ओळखून पेलायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पनाही त्यांचीच. आई हळूहळू, झेपेल इतकी कमी पडत गेली तरच मूल मोठं होतं, हा त्यातला गाभा. हे वाक्य सूतिकागृहातून घरी पाठवताना फाइलीला टाचून द्यायला हवं.

मुलांना ‘नाही’ म्हणण्याचं शास्त्र साठच्या दशकातलं. बालमानसशास्त्रज्ञ हाइम गिनॉट यांनी १९६५ मध्ये एक साधी रेघ मारली : भावना सगळ्या चालतील, वागणं सगळं चालणार नाही. भावाचा राग येऊ दे, भावाला चावायचं नाही. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी त्याच सुमारास बर्कलीत बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईबाप पाहून तीन तऱ्हा मांडल्या : नुसता धाक, नुसते लाड आणि तिसरी, माया आणि शिस्त दोन्ही असणारी. ही तिसरी तऱ्हा सगळ्यांना पटते. ती रोज संध्याकाळी सातला करणाऱ्या माणसाने दुपारी काय काय केलेलं असतं, हा हिशेब त्या मांडणीत नाही.

आणि ‘बाउंड्री’? गंमत अशी की तोही शब्द १९७४ चाच. अर्जेंटिनात जन्मलेले कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्व्हाडोर मिनुचिन न्यूयॉर्कमधल्या गरीब घरांतल्या मुलांसोबत आणि नंतर फिलाडेल्फियात काम करत. त्या वर्षी आलेल्या पुस्तकात त्यांनी कुटुंबातल्या सीमारेषांची कल्पना नीट मांडली. त्यांची रेघ मुलाच्या भोवती नव्हती. ती आईबापांच्या जोडीभोवती होती. काही घरांत ती रेघ पुसलेली असते, सगळे एकमेकांत गुंतलेले, कुणाचं रडू कुणाचं ते कळेनासं झालेलं. काही घरांत ती भिंतीइतकी जाड. नीट घरात ती स्पष्ट असते आणि तरी तिच्यातून ये-जा होते. नव्वदीनंतर हा शब्द लोकप्रिय पुस्तकांत गेला आणि तिथून आपल्या मोबाइलवर येईपर्यंत त्याचा अर्थ ‘मुलाला ठामपणे नाही म्हणा’ एवढाच उरला. एका अख्ख्या घराच्या रचनेचं काम एकट्या बाईच्या आवाजावर आलं.

मराठीत आपण त्याला ‘मर्यादा’ म्हणतो. भाषांतर बरोबर आहे आणि तिथेच घोळ आहे. आपल्या घरांत मर्यादा पाळायची ती धाकट्याने थोरल्याची, सुनेने सासऱ्याची. आईने मुलासमोर स्वतःसाठी मर्यादा आखायची हा प्रयोग या शब्दात बसतच नाही. आईसाठी आपल्याकडे वेगळे शब्द. झिजणं, राबणं, चंदनासारखं वगैरे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं आणि त्यातली आई आपण डोळे पुसत पिढ्यान् पिढ्या वाचली. पण त्यातच पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिंपटी घेऊन बाहेर काढते, तो पोहून आल्यावर त्याला दही देते. शिंपटी सोडून द्या, तो काळ वेगळा. पण ती रडण्यासमोर विरघळली नाही, हे आपण सोयीने विसरलो आणि त्यागाचं तेवढं लक्षात ठेवलं.

मग आजीला दोन तास कसे मिळत होते? ते तिने मागितले नव्हते, घरानेच ठेवले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. सणावाराला माहेरपण. महिन्यातून तीन दिवस ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसणं. ती प्रथा अपमानाचीच होती, पण ‘तेवढीच काय ती पाठ टेकायची’ असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या मी ऐकल्या आहेत. विश्रांती मिळायला विटाळ लागायचा, ही त्या व्यवस्थेची तऱ्हा. त्यामुळे वाड्याच्या आठवणीने गहिवरून येण्यात अर्थ नाही. पहाटे जात्यावर बसून बायकांनी काय काय म्हटलंय ते हेमा राईरकर आणि गी पोयतवाँ यांनी गावोगावी फिरून जमवलं. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यात लेकरांचं कौतुक आहे तसा बाईच्या जन्माचा उबगही आहे. थकवा तेव्हाही होता, त्याला जात्याची घरघर होती.

फरक पडला तो माणसांच्या संख्येत. १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकीच्या सदनिकांचा कायदा आला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत वाडे, चाळी जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या. मागचा चौक गेला, तिथे पार्किंग आलं. काकूंचं बिऱ्हाड गेलं, तिथे आयहोलचं दार आलं. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात बाईमागे सरासरी तीनाच्या आसपास मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. मुलं कमी झाली म्हणजे काम कमी व्हायला हवं होतं. पण चौकात सहा पोरं असली की ती एकमेकांना सांभाळतात. एकटं पोर आईला सोडत नाही.

त्याच काळात मारणंही गेलं. ते जायलाच हवं होतं. ‘लालयेत् पञ्चवर्षाणि दशवर्षाणि ताडयेत्’ हा श्लोक पाठ असलेल्या आणि छडीवर विश्वास असलेल्या समाजात मूल हे माणूस आहे असं ताराबाई मोडक सांगत राहिल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते पुढे कोसबाडला नेलं आणि अनुताई वाघांनी ते चालवलं. शाळेतल्या शारीरिक शिक्षेला शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून बंदी आली. पण हिशेब असा की धपाटा दोन सेकंदांत होतो, समजावण्याला वीस मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं कुणाच्या दिवसातून काढायची, ते कुणी ठरवलं नाही. आपोआप ठरलं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. घरातल्यांना सांभाळण्यात बायकांची १३७, पुरुषांची ७५. २०१७ पासून प्रसूतीची रजा २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती आली. बापाच्या रजेबद्दल तो कायदा काही बोलला नाही.

रोस्काम-मिकोलाचाक यांच्या गटाने ४२ देशांतले सतरा हजारांवर आईबाप तपासले, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. जिथे ज्याचं त्याने बघायचं अशी रीत, त्या समाजांत हा थकवा जास्त निघाला. देशादेशांतल्या आर्थिक विषमतेपेक्षाही ही रीत वरचढ ठरली. आपण मधल्या मधे आहोत. राहणी सोसायटीची झाली, अपेक्षा वाड्याच्याच राहिल्या. मार्च २०२० मध्ये सगळी दारं बंद झाली तेव्हा हे एकाच खोलीत दिसलं : एका कोपऱ्यात ऑफिसचा कॉल, दुसऱ्यात पहिलीचा ऑनलाइन वर्ग, मधे कुकर.

कुकरवरून आठवलं. माझ्या मैत्रिणीने मध्यंतरी एक युक्ती काढली. मुलाला घड्याळ कळत नाही, शिट्ट्या मोजता येतात. संध्याकाळी डाळ-तांदूळ लावला की ती चहा घेऊन बाल्कनीत जाते, दार ओढून घेते. तीन शिट्ट्या होईपर्यंत आईला हाक मारायची नाही. त्यासाठी नवरा हल्ली साडेसहाला घरी येतो आणि दारापाशी पोराला घेऊन फतकल मारून बसतो. पहिल्या दिवशी एका शिट्टीत बोटं आली. चौथ्या दिवशी मुलगा बाबाला ओरडला, “गप्प बस, मोजतोय मी!” मागच्या आठवड्यात त्याने तक्रार केली की तिसरी शिट्टी फार उशिरा होते. होणारच. बाल्कनीत जाता जाता ती गॅस बारीक करून जाते.