एका काडतुसासाठी घडलेले यंत्र: प्रोग्रेसिव्ह रीलोडिंग प्रेस आणि कॅलिबर बदलाची पार्श्वभूमी

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा मापात आणून तिच्यात नवे प्राइमर (दारू पेटवणारी बुडाची छोटी टोपी), नवी दारू आणि नवी गोळी भरण्याचे काम, म्हणजे रीलोडिंग, अमेरिकेत असंख्य हौशी नेमबाज घरच्या घरी करतात. आपल्याकडे काडतुसे बनवण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवाना लागतो, त्यामुळे यासाठी वापरली जाणारी प्रोग्रेसिव्ह प्रेस येथे सहसा दृष्टीस पडत नाही. तिकडे तिच्याविषयीची एक तक्रार मात्र फार जुनी आहे. .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसावर सुरळीत चालणारी प्रेस ९ मिमी या दुसऱ्या कॅलिबरच्या (मापाच्या) काडतुसासाठी बदलली की अडखळू लागते: प्राइमर पुरते बसत नाहीत, पुंगळी तिरकी शिरते, दारू कमी पडते. अशा वेळी यंत्र बिघडले असे मानून दुरुस्ती सुरू होते. पण या अडचणींचे मूळ बहुधा बिघाडात नसून या यंत्राची घडण ज्या क्रमाने झाली त्या क्रमात आहे.

पुंगळी पुन्हा भरता येणे ही गोष्ट मुळात प्राइमरच्या रचनेवर अवलंबून होती. १८६६ च्या सुमारास दोन रचना पुढे आल्या. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण, म्हणजे प्राइमरमधील स्फोटक ज्यावर चिरडले जाते तो उंचवटा, पुंगळीतच घडवलेली असते आणि ठिणगी जाण्याची छिद्रे बाजूंना असतात, तर इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण प्राइमरमध्ये असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र राहते. या मधल्या छिद्रातून सुई घालून वापरलेले प्राइमर एका दाबात बाहेर ढकलता येते. गंमत अशी, की इंग्रजाची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. घरगुती रीलोडिंग अमेरिकेत फोफावले त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

सुरुवातीची साधने सांडशीसारखी, हातात धरून वापरायची होती. कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये सुरू केलेली आयडियल कंपनी अशा साधनांसाठी प्रसिद्ध होती. १९२५ मध्ये ती लायमन कंपनीकडे गेली. पुढे टेबलाला बोल्टने आवळलेली, एकच डाय (पुंगळीवर क्रिया करणारा साचा) बसणारी एकडायी प्रेस आली आणि पाऊण इंचाहून थोडा जाड, म्हणजे ७/८ इंच व्यासाचा आणि इंचाला १४ आटे असलेला डाय हळूहळू सर्वमान्य झाला. या प्रेसवर कॅलिबर बदलणे म्हणजे डाय बदलणे आणि पुंगळीची कड पकडणारा होल्डर बदलणे, इतकेच. एका वेळी एकच क्रिया होत असल्यामुळे एका क्रियेतील चूक दुसरीत शिरत नव्हती. वेग मात्र अगदीच कमी होता, कारण प्रत्येक पुंगळी हाताने ठेवावी आणि काढावी लागे.

हा वेग वाढवण्यासाठीच प्रोग्रेसिव्ह प्रेस निर्माण झाली. सॅन दिएगो येथील स्टार मशीन वर्क्सची प्रेस १९३० च्या दशकापासून नावारूपाला आली. तिच्या फिरत्या चकतीवर अनेक पुंगळ्या एकाच वेळी बसतात आणि दांडा एकदा ओढला की प्रत्येक पुंगळीवर वेगवेगळी क्रिया होते. तिचे डायही प्रचलित आट्यांचे नव्हते, स्वतःच्या मापाचे होते. पोलिसांच्या सरावासाठी .३८ स्पेशलची काडतुसे हजारोंनी लागत आणि अशा कामासाठी ही प्रेस एकदा जुळवून तशीच ठेवणे सोयीचे होते. माझ्या मते प्रोग्रेसिव्ह प्रेसचा स्वभाव येथेच ठरला: ती मुळात एका काडतुसाची यंत्रणा होती आणि कॅलिबर बदलण्याची सोय तिच्यावर नंतर चढवली गेली.

ती चढवण्याची गरज १९७० च्या दशकात तीव्र झाली. १९७६ मध्ये मिसूरीतील कोलंबिया येथे आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही नेमबाजीची संघटना स्थापन झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि धावत्या नेमबाजीच्या स्पर्धांमुळे सामान्य नेमबाजाचाही काडतुसांचा खप पोलीस खात्यासारखा होऊ लागला. मात्र त्याच्याकडे एकाहून अधिक कॅलिबरची शस्त्रे होती आणि प्रेस एकच. ॲरिझोनातील माइक डिलन या वैमानिकाने काढलेल्या कंपनीने आरएल ५५० या प्रेसमध्ये सगळे डाय एका सुट्या टूलहेडवर बसवले. टूलहेड ओढून काढले तरी डायची जुळवणी तशीच राहते, हा मोठा दिलासा होता.

टूलहेडने प्रेसच्या वरच्या अर्ध्या भागाचा प्रश्न सोडवला. खालच्या अर्ध्याचा तसाच राहिला. .४५ एसीपीच्या पुंगळीची कड ०.४८० इंच, तर ९ मिमीची ०.३९४ इंच असते. त्यामुळे शेलप्लेट (पुंगळ्या कडेने पकडणारी फिरती चकती) बदलावी लागते आणि पुंगळी जागेवर धरून ठेवणाऱ्या खुंट्याही. (.४५ आणि .३०-०६ रायफल यांची कड जवळपास सारखी असल्याने त्यांना एकच शेलप्लेट चालते, हा अपवाद.) शेलप्लेटचा मधला बोल्ट हा तर बदलानंतरच्या निम्म्या तक्रारींचा धनी आहे. तो सैल राहिला तर प्राइमर दाबताना शेलप्लेट किंचित उचलली जाते आणि प्राइमर पुंगळीच्या बुडाबाहेर डोकावते. तो फार आवळला तर शेलप्लेट फिरत नाही. योग्य ताण सापडल्यावर बाजूचा बारीक स्क्रू घट्ट केला नाही, तर शेलप्लेट फिरता फिरता बोल्ट पुन्हा हलतो आणि दोष काही वेळाने परत उद्भवतो.

दारूच्या मापाचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. या प्रेसवर पुंगळीचे तोंडच मापाची पट्टी सरकवते. पुंगळी नसेल तर दारू पडत नाही, अशी ती सुरक्षितता आहे. परंतु .४५ ची पुंगळी ०.८९८ इंच आणि ९ मिमीची ०.७५४ इंच लांब असते. मापाचा डाय जुन्याच उंचीवर राहिला तर आखूड पुंगळी पट्टीला पूर्ण सरकवत नाही आणि दारू कमी पडते. अशा काडतुसाची गोळी नळीतच अडकू शकते आणि त्यामागून दुसरी झाडली गेली तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून बदलानंतर एकच पुंगळी सर्व टप्प्यांतून नेऊन प्रत्येक ठिकाणी तपासण्याची आणि दारू काट्यावर तोलण्याची शिस्त रूढ झाली.

प्राइमरच्या बाबतीत तर कॅलिबर सारखे असूनही आता प्रेस अडते. .४५ एसीपीला परंपरेने ०.२१० इंचाचे मोठे प्राइमर लागे, पण शिसेविरहित प्राइमर आल्यापासून काही कंपन्यांनी ०.१७५ इंचाच्या लहान प्राइमरच्या .४५ पुंगळ्या बाजारात आणल्या. मैदानावरून गोळा केलेल्या ढिगात त्या बेमालूम मिसळतात, आणि मोठ्या प्राइमरसाठी लावलेल्या प्रेसचा दांडा अशा पुंगळीवर अचानक थांबतो. यावर कोणताही सुटा भाग उपयोगाचा नाही; प्रेसमध्ये घालण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीचे बूड पाहून त्या वेगळ्या काढाव्या लागतात.