तासलेला बोरू, घासलेली निब

सुलेखनाच्या वर्गात जाणारी मुलं आज ‘कटनिब’ (तिरप्या कापलेल्या रुंद टोकाचं) पेन दुकानातून तयार आणतात. काहींना त्यातही समाधान नसतं. साधं शाईचं पेन घेऊन त्याची निब ती आपल्या अक्षराप्रमाणे घासून घेतात. हा छंद अलीकडचा वाटतो, पण मराठी लिहिणाऱ्यांना तो मुळीच नवा नाही. बोरूच्या काळात लेखणी स्वतः तासल्याशिवाय लिहायलाच बसता येत नसे.

बोरू म्हणजे वीतभर लांब, पोकळ काडीचा तुकडा. काडी जून आणि वाळलेली हवी, कोवळी असली तर शाई पिऊन लगेच मऊ पडते. टोकाकडे सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा तिरपा काप घ्यायचा, आतला भुसा खरवडून काढायचा आणि दोन्ही बाजू तासून टोक हवं तेवढं रुंद ठेवायचं. मधोमध सेंटिमीटरभर चीर द्यायची, कारण शाई तिच्यातूनच खाली उतरते. शेवटचा काप सर्वांत महत्त्वाचा. टोक कठीण लाकडावर टेकवून चाकू एकाच दाबात खाली न्यायचा. दोनदा करवतलं की कडेला धागे सुटतात आणि रेघ केसाळ येते. काडी फार कोरडी असेल तर चीर वरपर्यंत पळते. अशी काडी आधी थोडा वेळ पाण्यात ठेवलेली बरी. चारसहा पानांनंतर टोक फुगतं, मग पुन्हा काप घ्यायचा. कारकुनाला ‘बोरूबहाद्दर’ म्हणून हिणवलं जाई खरं, पण त्याच्या हातातलं हत्यार दर दिवशी नव्याने बनत असे.

हा शेवटचा काप सरळ नसतो, तिरपा असतो, आणि देवनागरीचं वळण त्या तिरपेपणात आहे. रुंद टोकाच्या लेखणीने रोमन लिहिताना डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारी रेघ जाड पडते, उलट दिशेची बारीक. देवनागरीत नेमकं उलटं. ‘त’ नीट पाहा: कान्याला लागलेली आडवी रेघ भरीव, डावीकडचं वळण सर्वांत जाड आणि उजवीकडे खाली उतरणारी शेपटी निमुळती. टोकाची धार कागदावर ४५ अंशांत बसली, तर शिरोरेघ आणि काना सारख्याच जाडीचे येतात. छापील देवनागरीतही हेच वळण उतरलं. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापण्याच्या यंत्रावर, पंचांग छापलं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे (छपाईचे धातूचे अक्षरठसे) पुढे घरोघरी पोहोचले. बोरू मागे पडला, तरी अक्षराची जाडबारीक ठेवण त्याचीच राहिली.

मोडीचा मामला थोडा वेगळा. तिथे आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरं लटकवायची. वेग महत्त्वाचा, म्हणून लेखणीच्या टोकाचा कोपरा कागदात अडकून चालत नाही.

इंग्रजी अमलात टाक, म्हणजे दौतीत बुडवून लिहायची निबेची लेखणी, आला. बर्मिंगहॅममध्ये १८२० च्या दशकापासून पोलादी निबा यंत्रावर निघू लागल्या होत्या. लाकडी दांडीत निब खोचली की काम सुरू, तासणं बंद. सोय मोठी, पण निब रोमन अक्षरासाठी घडवलेली, टोकदार आणि लवचीक. दाब दिला की जाड, सोडला की बारीक. तिने लिहिलेल्या बालबोधीत (देवनागरीत) जाडी हाताच्या दाबावर ठरू लागली, कापावर नाही. १८८४ मध्ये वॉटरमनने न्यूयॉर्कमध्ये फाउंटन पेनचं पेटंट घेतलं. पुढे गोल मणी लावलेल्या निबा रूढ झाल्या आणि रेघ सगळीकडे एकसारखी झाली. भारतात १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, तोच धंदा पुढे कॅम्लिन झाला. राजमहेंद्रीत रत्नम यांची स्वदेशी पेनं त्याच सुमारास बनू लागली. शाई आणि पेन देशी झालं, टोक मात्र गोलच राहिलं.

म्हणून ते घासावं लागतं. स्वस्त पोलादी निब घ्यावी, सोन्याच्या निबेवर हात साफ करू नये. टोकावरचा कठीण मिश्रधातूचा मणी (दुकानदार त्याला ‘इरिडियम’ म्हणतात) बारीक कटरने उडवायचा. एकदम फार कापू नये, अर्धा ते एक मिलिमीटर पुरे, कारण चीर वर रुंद असते आणि जास्त कापलं की शाईचा ठिपका गळतो. मग काचेवर ६०० नंबरचा वॉटर पेपर पसरून, पाणी लावून, टोक तिरपं टेकवत हळूहळू घासायचं. उतार कोणत्या बाजूला ठेवायचा, ते पाठ करण्यापेक्षा कागदावर ठरवावं. नेहमीच्या पकडीत आडवी, उभी आणि दोन तिरप्या रेघा ओढा. आडवी-उभी सारखी आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी सर्वांत बारीक आली, की उतार बरोबर. नंतर १००० आणि २००० नंबरवर इंग्रजी आठचा आकार काढत कडा गुळगुळीत करायच्या. कोपरे किंचितच मोडावेत, सगळी धार गोल केली तर जाडबारीकपणाच जातो.

खरखर लागली तर आधी कागदाला दोष देऊ नका. निब उजेडाकडे धरा: चिरेच्या दोन्ही बाजूंच्या पात्या एका पातळीत नसतील तर नखाने वरची हलकेच खाली दाबायची. उलट, चिरेच्या आतल्या कडा फार घासल्या गेल्या, तर टोक गुळगुळीत लागतं पण रेघ सुरूच होत नाही. तेव्हा वरून थोडा धातू पुन्हा उतरवावा लागतो. रुंद निबेला शाईही जास्त लागते. निबेखालची जीभ (शाई टोकाकडे नेणारा भाग) तेवढी पुरवत नसेल, तर लांब रेघेच्या मध्यावर पांढरी पट्टी उमटते. जिभेतली शाईची खाच ब्लेडच्या पाठीने जरा खोल केली की बहुधा भागतं.

एक पथ्य मात्र पाळावंच. काजळी आणि बाभळीच्या डिंकाची शाई बोरूला उत्तम, फाउंटन पेनात ती भरू नये. डिंक जिभेत वाळला की घासलेली निबही आठवडाभर पाण्यात पडून राहते.