हृदयपुनर्वसन (मराठवाडा)

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास यांतून सावरणाऱ्या रुग्णाला देखरेखीखाली व्यायाम, औषध-पथ्याचा सल्ला, तंबाखू सोडण्यास मदत आणि मानसिक आधार देणारा उपचार. तो रुग्णालयातच सुरू होतो व पुढे साधारण १२ आठवडे चालतो. त्यामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू व पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग कमी होतात. तरी स्त्रिया, वृद्ध, गरीब व खेड्यांतले रुग्ण यांना त्याची चिठ्ठी सर्वांत कमी मिळते. हे जगभर आढळते.

मराठवाड्यात असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे (२०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू) स्टेंट व बायपासचा मोठा भार हलका होतो; पुढचे तीन महिने मात्र बहुतेकांना आपापल्या बळावर काढावे लागतात. या उपचारासाठी आठवड्यातून दोन-तीनदा संभाजीनगर, लातूर किंवा नांदेड गाठायचे म्हणजे सोबतच्या माणसाचाही रोज बुडतो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचे तिकीट अर्धे झाले, बुडणारा रोज पूर्णच राहिला.

ऊसतोड कामगारांची अडचण वेगळी. बीड परिसरातून दरवर्षी हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारा ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक आजारी पडला की कोयता मोडतो, मुकादमाची उचल मात्र फिटायची राहते. बायपासनंतर छातीचे हाड जुळेपर्यंत काही आठवडे वजन उचलणे वर्ज्य असते, आणि फडात मोळी डोक्यावरूनच जाते. घरी राहिलेल्या बाईला डॉक्टर ‘जड उचलू नका’ म्हणतात. भरलेली घागर सहज दहा किलोंच्या वर जाते, पण तिला कुणी जड म्हणत नाही, तीसुद्धा नाही.

घरी राहून करायचे पुनर्वसन, फोनवरून पाठपुरावा ठेवला तर, केंद्रातल्याइतकेच उपयोगी ठरू शकते. योगावर आधारलेल्या ‘योगा-केअर’ या भारतीय चाचणीत (निष्कर्ष २०२०; सुमारे ४,००० रुग्ण) मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही, जीवनमान मात्र सुधारले. चालण्याचा वेग ठरवायला यंत्र लागत नाही: चालताना बोलता यावे, अभंग म्हणता येऊ नये. छातीत कळ आली किंवा चक्कर वाटली तर लगेच थांबावे. उन्हाळ्यात हे चालणे दिवस उगवण्याआधीच उरकावे लागते. बाई नुसतीच चालायला निघाली, तर वाटेत दोघे-तिघे तरी विचारतात, “कुठं निघालीस गं?” म्हणून काहीजणी हातात विळा घेऊन बांधावर जातात.