तेल्या, टीबी आणि दहा कोटी रेणू

सांगोल्याकडं डाळिंबावर तेल्या रोग आला की फवारणीच्या टाकीत जी छोटी पुडी वर्षानुवर्षं जात आली, स्ट्रेप्टोसायक्लिनची, तिच्यातला मुख्य माल स्ट्रेप्टोमायसिन, आणि हेच स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे टीबीवर चाललेलं जगातलं पहिलं अँटिबायोटिक. म्हणजे बागेतल्या झाडाला आणि सिव्हिलमधल्या पेशंटला औषध एकच. ज्यानं तेल्या बघितलाय त्याला सांगायला नको, आधी पानावर तेलकट काळे ठिपके, मग फळावर डाग, आणि मग त्या डागातूनच फळ तडकतं, इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी चीर पडते आणि सगळा बहार मातीमोल. हे करणारा जंतू झान्थोमोनस नावाचा बॅक्टेरिया, बुरशी नव्हे, म्हणून तर अँटिबायोटिक मारायची वेळ आली.

स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, अमेरिकेत वॅक्समन यांच्या लॅबमध्ये, अल्बर्ट शॅट्झ नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याला, आणि सापडलं कुठं तर मातीतल्या एका जंतूत. लगेच चार-पाच वर्षांत ब्रिटनमध्ये टीबीच्या पेशंटवर त्याची नीट चाचणी झाली, पेशंट सुधारायला लागले, सगळे खूश, आणि काही महिन्यांत त्यातल्या बऱ्याच जणांच्या थुंकीतले जंतू औषधाला दाद देईनात. औषध नवीन असतानाच ही गत. तेव्हापासून आजपर्यंत खेळ हाच चाललाय, आपण औषध काढायचं, जंतूनं पळवाट काढायची. फरक एवढाच की जंतूंच्या पळवाटा थांबल्या नाहीत आणि आपली औषधं काढायची गाडी मात्र गेली कित्येक वर्षं जवळपास ठप्प आहे. मातीतून शोधावं तर तेच ते रेणू परत परत हाती लागतात. कंपन्यांनाही त्यात रस नाही, कारण पाच-सात दिवस खायची गोळी, त्यात नवीन असली तर डॉक्टर ती शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवणार, मग कमवायचं काय. बीपीची गोळी कशी आयुष्यभर चालते, धंदा तिथं आहे.

ह्या अडलेल्या ठिकाणी एआयनं काय केलं ते बघण्यासारखं आहे, आणि मी मुद्दाम हेच उदाहरण घेतोय, कारण 'एआय कॅन्सर बरा करणार' छापाच्या बातम्यांपेक्षा ह्यात दाखवण्यासारखं काम आहे.

२०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जेम्स कॉलिन्स आणि रेजिना बार्झिले यांच्या टीमनं हॅलिसिन नावाचा रेणू जाहीर केला. आधी त्यांनी २,३३५ रेणू घेतले, त्यात मान्यता मिळालेली बरीच औषधं आणि काही नैसर्गिक पदार्थ, आणि प्रत्येक रेणू ई-कोलाय ह्या जंतूवर टाकून लॅबमध्ये खरोखर बघितलं की जंतू वाढतो का थांबतो. बास, एवढीच शिदोरी. मग रेणू आणि त्याच्यापुढं 'थांबवतो' किंवा 'नाही थांबवत' असा तक्ता मशीनला दिला. रेणू म्हणजे अणूंचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, मशीन प्रत्येक ठिपक्याला त्याच्या शेजाऱ्यांची माहिती देतं, शेजाऱ्यांना त्यांच्या शेजाऱ्यांची, असं करत पूर्ण रेणूचं एक आकड्यातलं वर्णन तयार होतं आणि त्यावरून ते अंदाज करायला शिकतं. कुठला भाग जंतूला मारतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आपल्या मार्केट यार्डातला जुना कांद्याचा व्यापारी कसा पिशवीत हात घालून सांगतो की हा माल आठ दिवस टिकणार नाही, त्याला विचारलं कशावरून तर धड सांगता येत नाही, पण हजारो पिशव्या बघितलेल्या असतात, तसलाच प्रकार.

आता ह्या शिकलेल्या मशीनपुढं त्यांनी ६,१११ रेणूंची दुसरी यादी ठेवली, वेगवेगळ्या आजारांसाठी कोणीतरी कधीतरी तपासलेले रेणू. मशीननं सर्वात वर काढलेले ९९ रेणू लॅबमध्ये तपासले तर ५१ चालले. निम्म्याहून जास्त! आणि त्यातला एक रेणू नेहमीच्या अँटिबायोटिकशी दिसायला अजिबात जुळत नव्हता. मूळचा तो डायबेटिससाठी तपासला गेलेला. एका जुन्या सिनेमातल्या हॅल नावाच्या कॉम्प्युटरवरून त्याचं नाव हॅलिसिन ठेवलं.

हॅलिसिन करतं काय, तर जंतूच्या आवरणाच्या आत-बाहेर जो प्रोटॉन नावाच्या भारित कणांचा फरक असतो, ज्यावर जंतू आपली ऊर्जा बनवतो, तोच मोडतं. हे जिव्हारी लागणारं आहे, एखादं प्रथिन बदलून सुटका होत नाही. लॅबमध्ये ई-कोलायला ३० दिवस हॅलिसिनसोबत वाढवलं तरी तो सरावला नाही, तेच सिप्रोफ्लॉक्सासिन ह्या नेहमीच्या अँटिबायोटिकला तो एक-दोन-तीन दिवसांत सरावायला लागला. टीबीच्या जंतूवरही ते लॅबमध्ये चाललं आणि आयसीयूत डॉक्टरांची झोप उडवणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरवर तर उंदरांमध्ये चाललं. सगळ्यांवर चाललं असं नाही हां, स्यूडोमोनस नावाच्या जंतूवर नाही चाललं.

पुढची मजा अशी की त्याच मशीननं नंतर १० कोटी ७० लाखांवर रेणू चाळले, तेही काही दिवसांत. लॅबमध्ये हाताने तेवढे तपासायचं म्हटलं तर आपल्या नातवंडांच्या हातून पण व्हायचं नाही. त्यातून फक्त २३ निवडून तपासले आणि ८ चालले.

पण मेडिकलमध्ये जाऊन हॅलिसिन मागितलंत तर मिळणार नाही. रेणू जंतू मारतो इथपर्यंत एआयनं वेळ वाचवला, पण तो माणसाच्या लिव्हर-किडनीला काय करतो, रक्तात किती वेळ टिकतो, डोस किती, हे सगळं उंदीर, मग माणसं, मग मोठ्या चाचण्या अशा जुन्याच रस्त्यानं जातं आणि तिथं घड्याळ जुन्याच वेगानं चालतं. हे न सांगता फक्त पहिला अर्धा भाग सांगणाऱ्या बातम्यांचा मला जाम वैताग येतो.

दुसरी गोष्ट प्रथिनांची, तिचा गाजावाजा जास्त झाला. स्ट्रेप्टोमायसिन मारतं कसं, तर जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, जाऊन बसतं आणि काम बिघडवतं. ते नेमकं कुठं बसतं हे २००० साली वेंकी रामकृष्णन यांच्या टीमनं स्फटिकांवर एक्स-रे टाकून दाखवलं, रायबोसोमच्या कामासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. असा एकेक आकार काढायला वर्षं लागायची. मग गूगल डीपमाइंडचं अल्फाफोल्ड नावाचं एआय आलं, प्रथिनांचे आकार ओळखायच्या २०२० च्या स्पर्धेत त्यानं नुसत्या अमिनो ॲसिडच्या क्रमावरून प्रथिनाचा घडी घातलेला आकार प्रयोगाच्या जवळपास अचूक सांगितला, २०२२ पर्यंत २० कोटींवर प्रथिनांचे अंदाज फुकट ठेवले आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल ते बनवणाऱ्या हसाबिस आणि जम्पर यांना मिळालं. तेल्याच्या झान्थोमोनसची प्रथिनं पण त्यात आहेत, मोबाईलवर उघडून बोटानं फिरवून बघता येतात. बघताना रंगाकडं लक्ष द्या, गडद निळं म्हणजे मशीनला खात्री, नारिंगी म्हणजे मशीन स्वतःच सांगतंय की इथं माझ्यावर विसंबू नका.

मग प्रथिनाचा आकार मिळाला म्हणजे त्यात बसणारं औषध मिळालंच की, असं वाटेल. कॉलिन्स यांच्याच लॅबनं २०२२ मध्ये हे तपासलं. ई-कोलायच्या प्रथिनांचे अल्फाफोल्डचे आकार घेतले, त्यावर अँटिबायोटिक रेणू कॉम्प्युटरमध्ये बसवून बघितले, आणि कुठला रेणू कुठं बसेल याचा अंदाज छापा-काटा करण्यापेक्षा काही बरा निघाला नाही. दोष आकारांचा कमी, रेणू बसवायच्या पद्धतीचा जास्त. पण हा निकाल त्यांनी लपवला नाही, छापला, हे मला आवडलं.

आपल्याकडं एआय सर्वात आधी दिसणार ते छातीच्या एक्स-रेवर. टीबीच्या तपासणीसाठी १५ वर्षांवरच्यांचे एक्स-रे सॉफ्टवेअरनं वाचायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच मान्यता दिली. जिथं रेडिओलॉजिस्ट नाही तिथं, समजा अक्कलकोटकडच्या एखाद्या गावातल्या शिबिरात, सॉफ्टवेअर फोटो बघून टीबीच्या शक्यतेचा एक आकडा देतं, आकडा जास्त आला की थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू पक्का शोधणारी मशीनवरची तपासणी, करायची. इथं एक मेख आहे. ज्याला आधी टीबी होऊन गेलाय त्याच्या फुफ्फुसावर जुने व्रण असतात आणि सॉफ्टवेअर त्यांना फसतं. आयुष्य विड्या वळण्यात नाहीतर लूमच्या धुळीत गेलेली छाती आपल्या सोलापुरात घरोघरी सापडेल, त्यामुळं दुसरीकडं ठरवलेली आकड्याची सीमा इथं जशीच्या तशी लावून चालणार नाही, इथल्याच एक्स-रेंवर तपासून ठरवावी लागेल. अमेरिकेत २०१८ मध्ये एक गंमत उघड झाली होती, न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं मॉडेल एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा आहे हे जवळपास शंभर टक्के बरोबर ओळखत होतं, कोपऱ्यातल्या धातूच्या खुणेसारख्या गोष्टींवरून, आणि ज्या हॉस्पिटलात न्यूमोनिया जास्त तिथल्या एक्स-रेला न्यूमोनिया म्हणायचं सोपं पडत होतं. फुफ्फुस राहिलं बाजूला.

परत तेल्याकडं येतो, कारण माझ्या डोक्यात हे घोळतंय. २०२३ मध्ये ॲसिनेटोबॅक्टरवर अबाउसिन नावाचा रेणू निघाला, मशीनला साधारण साडेसात हजार रेणूंचे निकाल शिकवून, आणि त्याची खासियत ही की तो फारसा दुसऱ्या जंतूंच्या वाटेला जात नाही. डाळिंबाला नेमकं असलंच हवंय, झान्थोमोनसला मारेल आणि माणसाच्या औषधाशी ज्याचा संबंध नसेल, म्हणजे बागेत फवारून टीबीवरचं हत्यार बोथट व्हायची भीती नाही. हॅलिसिनवाल्यांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोणीही डाउनलोड करावं. नाही तो तक्ता, दोन-अडीच हजार रेणू तेल्याच्या जंतूवर टाकून 'थांबवतो, नाही थांबवत' लिहिलेला. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच सोलापूरजवळ केगावला आहे, जंतू तर काय बागेबागेत आहे, आणि एवढी तपासणी दोन-तीन चिवट पोरांना नीट लॅब मिळाली तर होण्यातली आहे.