व्हॅन बास्टेन, मार्को

(३१ ऑक्टोबर १९६४– ). नेदर्लंड्सचा फुटबॉलपटू, आघाडीवीर (गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेला खेळाडू). जन्म उट्रेख्त येथे. डच उच्चार ‘फान बास्टन’ असा काहीसा असला, तरी मराठी वृत्तपत्रांत ‘व्हॅन बास्टेन’ हेच रूप रूढ असल्याने येथे ते स्वीकारले आहे. तीन वेळा (१९८८, १९८९, १९९२) बॅलन डी’ओर हा युरोपातील वर्षाच्या सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळविणाऱ्या या खेळाडूने शेवटचा अधिकृत सामना वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी खेळला. घोट्याच्या दुखण्याने त्याची कारकीर्द प्रत्यक्षात तेथेच संपली, निवृत्तीची घोषणा मात्र दोन वर्षांनी झाली.

एप्रिल १९८२ मध्ये आयाक्स (ॲम्स्टरडॅम) संघातून विख्यात डच खेळाडू योहान क्रायफच्या जागी बदली खेळाडू म्हणून तो प्रथम मैदानात उतरला आणि त्याच सामन्यात त्याने गोल केला. आयाक्ससाठी १३३ लीग सामन्यांत १२८ गोल, १९८३-८४ ते १९८६-८७ असे सलग चार हंगाम डच लीगमध्ये सर्वाधिक गोल आणि १९८५-८६ मध्ये केवळ २६ सामन्यांत ३७ गोल करून युरोपचा ‘सुवर्ण बूट’ (युरोपातील लीग स्पर्धांत सर्वाधिक गोल करणाऱ्यास मिळणारा पुरस्कार), अशी या काळातील त्याची कामगिरी आहे. उंची १.८८ मी. असूनही चेंडूवरचे नियंत्रण एखाद्या ठेंगण्या मध्यरक्षकाला शोभावे असे होते. दोन्ही पायांनी व डोक्याने तो सारख्याच सहजतेने गोल करी. ‘उट्रेख्तचा हंस’ हे त्याचे टोपणनाव याच डौलावरून पडले.

दुखापतीचा उगम : याविषयी दोन मते आढळतात. इटलीतील दांडगट बचावपटूंनी मागून केलेल्या आघातांनी त्याचा घोटा निकामी झाला, हे मत अधिक लोकप्रिय आहे आणि मागून पाय घालण्याविरुद्ध फिफा या आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने १९९४ च्या विश्वचषकापूर्वी दिलेले कडक आदेश व १९९८ मधील नियमदुरुस्ती यांचा संबंधही पुष्कळदा त्याच्याशी जोडला जातो. मात्र घटनाक्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यानुसार मूळ दुखापत इटलीला जाण्यापूर्वीची, डिसेंबर १९८६ मधील ग्रोनिंगेनविरुद्धच्या लीग सामन्यातील आहे आणि ती प्रतिस्पर्ध्याच्या आघाताने नव्हे, तर त्याने स्वतःच चेंडू हिसकावण्यासाठी घेतलेल्या झेपेत झाली. आघाडीवीराने असा धोका पत्करण्याची त्या वेळी काही निकड होती, असे दिसत नाही. खेळत राहिल्याने घोटा आणखी बिघडणार नाही, असा वैद्यकीय सल्ला मिळाल्यावर आयाक्सचा प्रशिक्षक झालेल्या क्रायफने त्याच्याशी तडजोड केली : सरावाला व काही लीग सामन्यांना त्याने मुकले तरी चालेल, पण युरोपीय सामने खेळावेत. त्याप्रमाणे मे १९८७ मध्ये अथेन्स येथे पूर्व जर्मनीच्या लोकोमोटिव्ह लाइपझिगविरुद्ध कप विनर्स चषकाच्या (युरोपातील राष्ट्रीय चषकविजेत्या संघांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात त्याच्याच हेडरवर आयाक्स १–० असा जिंकला. इटलीत पुढे बसलेल्या लाथांनी दुखण्यात भर पडली असणे शक्य आहे. तथापि त्यांना मूळ कारण मानणे कठीण आहे.

१९८७ मध्ये तो इटलीतील ए.सी. मिलान संघात गेला. पहिल्याच हंगामात घोट्यावर शस्त्रक्रिया करावी लागल्याने ११ लीग सामने व ३ गोल एवढीच त्याची नोंद झाली. त्यामुळे १९८८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत सोव्हिएत संघाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तो राखीव खेळाडूंत होता. पुढच्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध त्याने तीन गोल केले, उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध अखेरच्या मिनिटांत विजयी गोल केला आणि २५ जून रोजी म्यूनिक येथील अंतिम सामन्यात सहकारी आर्नोल्ड म्यूरेनचा उंच चेंडू जमिनीवर पडू न देता, जवळजवळ अशक्य कोनातून, सोव्हिएत गोलरक्षक रिनात दसायेव्हच्या डोक्यावरून जाळ्यात धाडला. या गोलाचे वर्णन इतक्या वेळा झाले आहे, की येथे त्याची पुनरुक्ती नको. नेदर्लंड्सचे ते पहिले मोठे विजेतेपद होय.

त्यानंतरचे चार हंगाम हा त्याच्या मिलानमधील कारकीर्दीतील एकमेव सलग निरोगी काळ म्हणता येईल : १२१ लीग सामने, ७४ गोल, १९८९ व १९९० चे युरोपीय चषक. १९८९ च्या अंतिम सामन्यात रूमानियाच्या स्टेआउआ बुखारेस्टविरुद्ध (४–०) त्याचे व सहकारी रूड गुलिटचे प्रत्येकी दोन गोल होते. १९९०-९१ मध्ये ३१ सामने खेळूनही तो ११ गोलच करू शकला. ही घट दुखापतीच्या खात्यावर टाकता येत नाही, तिचा संबंध प्रशिक्षक आरिगो साक्की याच्याशी झालेल्या बेबनावाशी लावणे अधिक सयुक्तिक ठरेल. फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक झाल्यावर १९९१-९२ मध्ये त्याने २५ गोल केले. राष्ट्रीय संघातर्फे ५८ सामन्यांत २४ गोल ही त्याची एकूण नोंद. १९९० च्या विश्वचषकात मात्र त्याला एकही गोल करता आला नाही.

नोव्हेंबर १९९२ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपीय चषकाचे नवे नाव) स्वीडनच्या गोटेबोर्गविरुद्ध त्याने एकट्याने चार गोल केले. महिन्याभराच्या आतच, २१ डिसेंबर रोजी, सेंट मॉरिट्झ येथे त्याच्या उजव्या घोट्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर घोटा कधीच पूर्ववत झाला नाही. त्या हंगामातील १५ लीग सामन्यांत १३ गोल हा आकडा पाहिला, की त्याचे कौशल्य उतरणीला लागलेले नव्हते हे स्पष्ट होते. २६ मे १९९३ रोजी म्यूनिकमध्येच फ्रान्सच्या मार्सेयविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना (०–१) तो खेळला व अखेरीस त्याला बाहेर घेण्यात आले. यानंतर बेल्जियममध्ये आणखी एक शस्त्रक्रिया झाली. पुढे घोट्याभोवती धातूच्या कड्यांचे इलिझारोव्ह उपकरण बसवून सांध्यातील हाडांमध्ये अंतर निर्माण करण्याचाही प्रयत्न झाला. कूर्चा (हाडांच्या टोकांवरील मऊ आवरण) झिजलेल्या सांध्यात हाडावर हाड घासत राहते. अंतर ठेवल्यास कूर्चा काही प्रमाणात भरून येईल, अशी यामागील अपेक्षा असते. ती येथे फळाला आली नाही. रात्री स्नानगृहापर्यंत रांगत जावे लागे, असे त्याने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. अखेर सांधा शस्त्रक्रियेने कायमचा जखडून टाकण्यात आला. वेदना थांबली, पण धावपळीच्या खेळाची शक्यताही त्याबरोबर संपली.

निवृत्तीची घोषणा ऑगस्ट १९९५ मध्ये झाली. मिलानच्या सान सिरो मैदानावर त्याने साध्या कपड्यांत निरोपाची फेरी मारली, तेव्हा कापेल्लोला अश्रू आवरले नाहीत.

प्रशिक्षक म्हणून त्याने २००४ ते २००८ या काळात नेदर्लंड्सचा राष्ट्रीय संघ, त्यानंतर एक हंगाम आयाक्स आणि पुढे हीरेनवेन हे संघ सांभाळले. २०१४ मध्ये आल्कमार येथील ए.झेड. संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्याने प्रकृतीच्या कारणास्तव अल्पावधीतच सोडले व त्याच संघात साहाय्यक म्हणून काम पत्करले. २०१६ ते २०१८ या काळात तो फिफाच्या तांत्रिक विकास विभागाचा प्रमुख होता.